कोरफडीच्या कुंडीतला पाहुणा

मुलांनो, तुमच्या गॅलरीत, अंगणात किंवा निदान खिडकीच्या कठड्यावर एखादी तरी कुंडी असेलच. तिच्यात आपण हौसेनं लावलेलं झाड असतं आणि त्याच्या बुंध्याशी कोणीही न लावलेलं काहीबाही उगवलेलं असतं. कधी आंबुशी, कधी पाथरी, कधी पक्ष्यानं टाकलेल्या बीमधून आलेलं पिंपळाचं रोप. मोठी माणसं या सगळ्याला सरसकट 'गवत' म्हणतात आणि चिमटीत धरून उपटतात. आमची आई या कामात फार तरबेज! तिच्या चिमटीतून वाचलेल्या एका वेलीची ही हकिकत आहे. ही वेल आपल्याच माळरानांवर उगवते, पण तिचं नाव फारच थोड्यांना ठाऊक असतं.

२०१९ सालच्या मे महिन्यात सासवडजवळच्या आमच्या आजोळाहून मामीनं कोरफडीचं एक मोठं गड्डं पाठवलं. वाड्याच्या मागं शेराचं जुनं कुंपण होतं, त्याच्या बुडख्यातून तिनं ते मातीसकट काढलं होतं. मी ते रंगाच्या एका रिकाम्या बादलीत लावलं. बादलीच्या तळाला भोकं पाडलेली होती, म्हणजे कुंडीच म्हणायची. जूनचा दुसरा पाऊस झाला आणि कोरफडीच्या शेजारी मातीतून एक लालसर, शिवणाच्या दोऱ्याहून जरासा जाड असा कोंब वर आला. दोन दिवसांत तो वीतभर झाला आणि आधाराला काही मिळतंय का, म्हणून हवेत चाचपडू लागला.

"मावशी, हे काय आहे?" माझ्या भाचीनं विचारलं. ती तेव्हा सहावीत होती आणि शनिवार-रविवार आमच्याकडे येत असे.

"गवत आहे," आई म्हणाली आणि तिचा हात पुढे आला.

"आजी, थांब ना! नाव कळल्याशिवाय नाही उपटायचं!"

आता नाव कसं कळणार? आम्ही आळीत विचारून पाहिलं. एक काका म्हणाले, गुळवेल. समोरच्या आजी म्हणाल्या, उतरण. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी उपळसरी असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. तिघांचीही नावं खऱ्या वेलींचीच होती, त्यामुळे घोटाळा आणखी वाढला. शेवटी ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या बाईंना फोन केला. त्यांनी नाव सांगितलंच नाही. उलट आम्हांलाच प्रश्न विचारले. पानं एकाआड एक आहेत की समोरासमोर? देठ मोडला तर चीक येतो का? आला तर पांढरा की पाण्यासारखा? पानाला लव आहे का? पान दुमडलं तर कडकन मोडतं की नुसतं मुडपतं?

मला ही पद्धत फार आवडली. एकेका प्रश्नासरशी एकेक पाहुणा बाहेर पडतो. गुळवेलीची पानं एकाआड एक असतात, आमच्या वेलीची समोरासमोर होती. गुळवेल बाद. उतरणीला पांढरा चीक असतो आणि पानं बदामाच्या आकाराची, लवदार. आमच्या वेलीचं एक पान तोडून पाहिलं तर पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला. उतरण बाद. उपळसरीचं पान पातळ असतं, त्यावर बहुधा पांढरट पट्टा असतो, आणि चीक दुधासारखा. आमचं पान जाडसर, घोळाच्या भाजीच्या पानासारखं मांसल होतं आणि लांबट, करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद. उपळसरीही गेली. म्हणजे आमच्या पाहुण्याचं नाव कळलं नाही, पण तो कोण नाही हे मात्र पक्कं झालं.

"आता फुलाची वाट बघा," बाई म्हणाल्या. "आणि वही घाला. रोज चित्र काढा आणि तारीख टाका."

आजकाल फोटो काढला की काम झालं असं वाटतं. माझं मत तुम्ही विचारलंत तर चित्रच बरं. चित्र काढताना पान किती वेळा बघावं लागतं! माझ्या भाचीनं काढलेली पहिली चित्रं सांगण्यासारखी नव्हती, पण पानांच्या बेचक्यातून फुटलेली इवलीशी कळी तिनंच आधी पाहिली, कारण तेवढ्या बारकाईनं बघायची सवय तिलाच लागली होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फूल उमललं. उमललं म्हणजे काय, ते धड उमललंच नाही! मी आयुष्यात असं फूल पाहिलं नव्हतं. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. खाली फुगलेलं पोट, त्यावर बारीक मान, आणि वर पाच अरुंद पाकळ्या. त्या पाकळ्या बाहेर पसरण्याऐवजी टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे मध्ये पाच खिडक्या तयार झालेल्या. खालचा भाग हिरवट पांढरा, वरचा जांभळट, आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक केस. देवळात टांगलेला कंदील कोणीतरी बाहुलीच्या घरासाठी लहान करून आणावा, तसं ते दिसत होतं.

फुलाचं वर्णन ऐकताच बाई म्हणाल्या, "कंदीलपुष्प!"

मराठीत या फुलांच्या साऱ्या गणाला कंदीलपुष्प म्हणतात, आणि काही ठिकाणी खर्पुडी. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. केरळातल्या वनस्पतींवर सतराव्या शतकात डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानं 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला होता, त्यात अशी एक वेल आहे. स्वीडनच्या लिनिअसनं पुढं तिचं नाव ठेवलं. ग्रीक भाषेत 'केरॉस' म्हणजे मेण आणि 'पेगे' म्हणजे झरा. मेणाचा झरा! लिनिअसला हे फूल मेणबत्त्यांच्या झुंबरासारखं वाटलं, आपल्याला कंदिलासारखं वाटतं. दोघांनाही दिवाच आठवला, याची मला मोठी गंमत वाटते.

या गणाच्या जाती आफ्रिकेत खूप आहेत, भारतातही पन्नासहून अधिक आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या सह्याद्रीत. काही तर एखाद्या किल्ल्यावर किंवा एखाद्या डोंगरावरच सापडतात. हरिश्चंद्रगडाची एक आहे. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराची एक आहे, तिला त्या डोंगराचंच नाव मिळालं. पुण्याच्या प्राध्यापक महाबळे यांच्या नावानं एक आहे. आणि २०२३ साली विशाळगडावर सापडलेल्या नव्या जातीला शिवाजी महाराजांच्या नावावरून 'सेरोपेजिया शिवरायीआना' हे नाव देण्यात आलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अशा कितीतरी दुर्मीळ कंदीलपुष्पांची जोपासना केलेली आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी टांगत्या कुंडीत बदामाच्या आकाराच्या पानांची नाजूक वेल असेल, रोपवाटिकेत तिला 'चेन ऑफ हार्ट्स' म्हणतात, तर तीसुद्धा दक्षिण आफ्रिकेतून आलेली कंदीलपुष्पच. फूल येईल तेव्हा नीट निरखून बघा.

आमची वेल त्या मानानं साधीसुधी निघाली. सेरोपेजिया बल्बोसा. मराठीत पाताळतुंबडी. नाव कसं छान आहे बघा! जमिनीखाली हिचा चपटा गोल कंद असतो, कांद्याला वरून हातानं दाबल्यासारखा. ही किल्ल्यांची मानकरी नव्हे, कोरड्या मुलखातली, काटेरी कुंपणांतली, माळावरच्या झुडपांतली वेल आहे. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे गवतच की!" पण त्या दिवसापासून तिनं त्या बादलीला हात लावला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पानं पिवळी पडू लागली. नोव्हेंबरात वेल वाळली, मातीपाशी तुटली आणि दिसेनाशी झाली. भाचीला रडू कोसळलं. पण हे मरण नव्हतं, ही झोप होती. कोरड्या मुलखात पाऊस चार महिने आणि ऊन आठ महिने. एवढे आठ महिने पानं सांभाळायची म्हणजे पाणी लागणार. ते कुठून आणायचं? म्हणून ही वेल पावसाळ्यात मिळेल तेवढं अन्नपाणी कंदात साठवते आणि वरचा पसारा सोडून देते. तुम्ही माळावरून जाल, तर तिच्या डोक्यावर पाय देऊन जाल आणि तुम्हांला कळणारही नाही.

अशा कंदाला झोपेत पाणी घालायचं नसतं. कोरफडीला मात्र थोडं तरी लागतं. म्हणून आम्ही माती अलगद उकरून कंद वेगळा केला. साध्या पेढ्याएवढा होता. तळाशी विटांचे तुकडे घातलेल्या कुंडीत निम्मी जाड वाळू आणि निम्मी पालापाचोळ्याची माती भरून, वरून बोटाच्या एका पेराइतक्या खोलीवर तो ठेवला. कुंडी जिन्याखाली, अंधारात. वर चिठ्ठी चिकटवली : 'झोपली आहे. पाणी घालू नये.'

पुढचा पावसाळा २०२० सालचा. शाळा बंद होत्या, आणि भाची व तिची आई आमच्याकडेच राहायला आल्या होत्या. ११ जूनला कोंब आला. त्या वर्षी गॅलरीतली ही वेल म्हणजे आमच्या घरचं एकुलतं एक सहलीचं ठिकाण होतं. फुलं आली तेव्हा भाचीनं ठाण मांडलं, आणि एक दिवस ती ओरडली, "मावशी, चिलट आत गेलं आणि बाहेरच आलं नाही!"

ही या फुलाची खरी करामत. फुलाचा सूक्ष्म वास लागून चिलटासारखी बारीक माशी खिडकीतून आत शिरते. मानेची आतली भिंत गुळगुळीत, आणि तिच्यावरचे केस खाली तोंड करून असतात. त्यामुळे खाली घसरणं सोपं, वर चढणं अवघड. माशी थेट पोटात पडते. तिथं उजेडाकडे धडपडताना, फुलाच्या मध्यभागी परागाचे जे पिवळे पुंजके असतात, त्यातला एक तिच्या सोंडेला चिकटतो. मग दिवसभरानं फूल शिळं होऊ लागतं, केस मलूल पडतात, फूल कलतं, आणि माशीची सुटका होते. ती लगेच दुसऱ्या कंदिलात जाऊन पडते आणि परागाचा पुंजका तिथं पोचवते. मारत नाही, खात नाही, फक्त एक दिवसाची कैद! आम्ही एक गळून पडलेलं फूल ब्लेडनं उभं चिरून भिंगाखाली पाहिलं. आत एक माशी अडकलेली होती आणि तिच्या सोंडेवर दोन पिवळे ठिपके स्पष्ट दिसत होते.

दक्षिण आफ्रिकेतली एक जात तर आणखी बिलंदर आहे. कोळ्यानं पकडलेल्या मधमाशीचा रस चाखायला काही माश्या टपलेल्या असतात. या जातीचं फूल नेमका तसा, संकटात सापडलेल्या मधमाशीसारखा वास सोडतं. माश्या मेजवानीच्या आशेनं येतात आणि कंदिलात पडतात. शास्त्रज्ञांनी हे २०१६ साली प्रसिद्ध केलं.

इतकं सगळं होऊनही आमच्या वेलीला एकही शेंग धरली नाही. त्या वर्षी एकूण तेवीस फुलं आली. मोजणी अर्थात वहीत आहे. तेवीसही गळाली. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "रुईच्या कुळातल्या पुष्कळ झाडांना स्वतःचाच पराग चालत नाही. तुमच्याकडे वेल एकच आहे. माशी या फुलातून त्या फुलात गेली तरी घर तेच. दुसरी वेल पाहिजे."

त्यात काय, असं आम्हांला वाटलं. मामीच्या कुंपणात असेल की! फोन केला तर मामी म्हणाली, "अगं, कुंपण आता कुठलं? दिवाळीनंतरच काढलं. जेसीबी आणून शेर सगळा उपटला नि तारेचं कुंपण घातलं. शेरात साप होतात म्हणून सगळ्यांच्या मागं लागून लागून काढून घेतलं एकदाचं."

मामीला नावं ठेवायला मी तयार नाही. तिची नातवंडं त्या परसात खेळतात. पण फोन ठेवल्यावर भाची म्हणाली, "म्हणजे त्या कुंपणातली आपलीच एक उरली." आणि आम्ही दोघी गप्प बसलो. जिन्याखालच्या कुंडीकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघू लागले. एकटा कंद कुठवर पुरणार? शेंग नाही, बी नाही, म्हणजे तो संपला की सगळं संपलं.

२०२१ सालच्या सप्टेंबरात आम्ही आजोळी गेलो आणि गावामागचा माळ धुंडाळायला लागलो. दोन दिवस काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी मेंढ्या घेऊन निघालेले एक आजोबा भेटले.

"काय हुडकताय, बाई?"

भाचीनं वही उघडून चित्र दाखवलं. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.

"ही व्हय? पाताळतुंबडी. ल्हान हुतो तवा आमी काडीनं उकरून कंद खायचो. जरा कडूस लागतो, पर पाणीदार. तान भागती. आता मोकळ्या रानात न्हाई घावायची, मेंढरं ठिवत न्हाईत. काट्यात बघा. जिथं मेंढराचं त्वांड जात न्हाई तिथं."

दोन दिवसांत आम्हांला जे सुचलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. बोरीच्या एका दाट जाळीत आम्ही वाकून पाहिलं आणि काट्यांच्या मधून तो ओळखीचा कंदील दिसला! पण भाची गोंधळली. "मावशी, फूल तेच आहे, पण पानं बघ ना!" खरंच, पानं रुपयाच्या नाण्यासारखी जवळजवळ गोल होती. आमच्या वेलीची अरुंद, लांबट. ही दुसरी जात तर नव्हे?

या प्रश्नानं भलेभले चकले आहेत. गोलसर पानांच्या वेलीचं नाव विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९५ साली ठेवलं. पुढं १८३०च्या दशकात अरुंद पानांची वेल वेगळी जात म्हणून वर्णन केली गेली आणि तिला डॉक्टर लश यांचं नाव मिळालं. हे डॉक्टर लश पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे अधिकारी होते. म्हणजे आमच्या बादलीतल्या वेलीचं पुण्याशी नातं तेव्हापासूनचं! नंतर फुलं ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की फुलांत फरक नाही, आणि गोल व अरुंद यांच्या मधल्या आकारांची पानंही सापडतात. म्हणून त्या दोन्हींना एकाच जातीचे दोन प्रकार मानलं गेलं. ओळख पटवताना पानावर फार विसंबू नये, फुलापर्यंत थांबावं, असं बाई का म्हणत होत्या ते आता आम्हांला कळलं.

तो कंद आम्ही खणला नाही. भाचीला मोह झाला होता, नाही असं नाही. पण जाळीतल्या वेलीला शेंगा धरल्या होत्या. शिंगांसारख्या, बारीक, जोडीजोडीनं. म्हणजे आसपास तिची सोबतीण नक्की होती. शेंगा हिरव्या होत्या. पिकल्या की त्या उकलतात आणि आतून रेशमी केसांच्या म्हाताऱ्या उडून जातात, रुईच्या उडतात तशाच. म्हणून एका शेंगेवर मलमलची छोटी पिशवी बांधली आणि बाकीच्या माळासाठी तशाच ठेवल्या. पिशवीवर लक्ष ठेवायचं काम मामीनं आपणहून घेतलं. ऑक्टोबरच्या शेवटी तिनं एस.टी.नं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पुडी पाठवली. आत अठरा बिया होत्या. चपट्या, तपकिरी.

या बिया कशा लावायच्या ते सविस्तर सांगते, कारण कंदवर्गातल्या इतर रानफुलांनाही हे बरंच लागू पडतं. नऊ बिया लगेच लावल्या, नऊ कागदाच्या पुडीत कोरड्या ठेवल्या. प्लॅस्टिकची पुडी नको, आत दमटपणा राहतो. उथळ कुंडी घ्यायची. मिश्रण तेच, वाळू जास्त, माती कमी. बी आडवी ठेवून वर तांदळाच्या दाण्याएवढा वाळूचा थर द्यायचा. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. आमच्या नऊपैकी सात बिया आठवड्याच्या आत उगवल्या. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं टाळायचं. रोप बोटभर झालं की उदबत्तीच्या काडीचा आधार द्यायचा. पानं पिवळी पडली की पाणी बंद, हे तर आता तुम्हांला पाठच झालं असेल. जानेवारीत रोपं झोपली तेव्हा मातीत हरभऱ्याएवढे कंद झाले होते.

उन्हाळ्यात आम्ही दहा दिवस बाहेरगावी गेलो. गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला शेजारच्या काकांना सांगितलं होतं. काका मायाळू. जिन्याखालची उथळ कुंडी कोरडीठाक बघून त्यांना कळवळा आला आणि तिलाही ते रोज तांब्याभर पाणी घालत राहिले. सातांपैकी चार कंद कुजले. चिठ्ठी मोठ्या कुंडीवर होती, छोटीवर नव्हती, असा निर्वाळा काकांनी स्वतःच दिला, आणि दुसऱ्या दिवशी जाड पुठ्ठ्याच्या पाट्या करून आणून दिल्या. त्या पाट्या अजून वापरात आहेत.

२०२२च्या जूनमध्ये उरलेल्या नऊ बिया लावल्या, पाच उगवल्या. आता आठ बाळवेली आणि एक म्हातारी. त्या वर्षी बाळवेलींनी फक्त पानं धरली. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या दोघींना फुलं आली आणि जुनीलाही, एकाच वेळी. आम्ही तिन्ही कुंड्या अगदी चिकटून ठेवल्या. भाची तेव्हा दहावीत होती. तिला अभ्यासाला बसवणं हे माझ्या ताईपुढं संकटच होतं, कारण तिचं टेबल गॅलरीच्या दारात होतं. सप्टेंबरच्या सहा तारखेला सकाळी ती शाळेचा गणवेश घालून, एका हातात डबा घेऊन गॅलरीत उभी राहिली ती हलेचना.

"अगं, बस जाईल!"

"मावशी, शिंगं आलीत."

जुन्या वेलीवर, त्या कुंपणातल्या शेवटच्या वेलीवर, मोहरीच्या दाण्याहून जराशी लांब अशी दोन हिरवी टोकं एकमेकांपासून फाकलेली दिसत होती. आईनं चष्मा लावून पाहिलं, आणि मग स्वतःच्या जुन्या मलमलच्या ओढणीची पिशवी शिवून दिली.

त्या शेंगांतून एकतीस बिया मिळाल्या. दहा ठेवून घेतल्या. बाकीच्या २०२४च्या जूनमध्ये घेऊन गावी गेलो. पण लावायच्या कुठं? मोकळ्या जागी लावाव्यात तर मेंढ्या, शेतात लावाव्यात तर नांगर. तेव्हा मामीनं स्वतःच तोडगा काढला. तारेच्या कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, परसापासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात तिनं शेराची चार-पाच खुटं आधीच रोवून ठेवली होती. "तिकडं पोरं जात नाहीत," ती म्हणाली. "साप आले तर बांधावर येतील, माझ्या परसात नाही." त्या खुटांच्या बुडाशी आणि जवळच्या बोरीच्या जाळीत आम्ही बिया टोचल्या.

पहिल्या वर्षी बांधावर सहा वेली मोजल्या. २०२५च्या पावसाळ्यात चार उरल्या होत्या, एक शेराच्या खुटावर कमरेएवढी चढली होती, पण फूल कोणालाच नव्हतं. गॅलरीत ठेवलेल्या दहा बियांपैकी आठ रोपं झाली. त्यांची आई अरुंद पानांची आणि परागाचं घर गोल पानांचं, तेव्हा यांची पानं कशी होणार, यावर आमच्याकडे पैज लागलेली आहे. आतापर्यंत वहीत पाच रोपांसमोर 'अरुंद', दोनांसमोर 'मधली' असं लिहिलेलं आहे. आठवं रोप बुंध्याशी गोल आणि शेंड्याला लांबट पानं धरून बसलं आहे, आणि त्याला कोणत्या रकान्यात घालावं यावर मावशी-भाचीचं अजून एकमत झालेलं नाही.